पित्ताच्या नळीतला खडा

सून भांडायची थांबली, तेव्हाच मी ओळखलं की आपलं काही खरं नाही.

आमची प्रिती तशी वाईट नाही. शीवची पोर, नोकरी करते, घर बघते. पण जीभ तिची नि माझी एकाच दुकानातली. सकाळी मिक्सर आधी कोणी लावायचा इथून सुरू व्हायचं ते रात्री टीव्हीचा आवाज किती ठेवायचा इथे संपायचं. मी सुकट भाजायला घेतली की ती खाडकन खिडक्या उघडायची. मी म्हणायचे, "उघड, उघड, अख्ख्या काळाचौकीला कळू दे आज आमच्याकडे काय आहे." रोजचंच होतं ते. भांडण झालं नाही तर मला जेवण जात नसे. म्हणून त्या दिवशी मी मुद्दाम सुकट भाजायला काढली. धूर होईस्तोवर भाजली. आणि ही बया येऊन म्हणते कशी, "आई, तुम्ही बसा, मी परतते. वास काय छान सुटलाय."

वास छान सुटलाय! माझ्या हातून उलथनंच पडलं.

झालं होतं एवढंच की पोटात उजव्या अंगाला कळ यायची, पाठीत जायची. मग डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली. मी गेले डॉक्टर केंकऱ्यांकडे. केंकरे म्हणजे आमचे फॅमिली डॉक्टर. मी लग्न होऊन या चाळीत आले ते त्यांनी बघितलेलं, मयूरच्या गोवरापासून ह्यांच्या बीपीपर्यंत सगळं त्यांच्याच हातचं. माणूस देव, पण तोंड फाटकं. "लोणचं खाल्लंस ना? खरं बोल. जिभेवर दिसतंय," असं सगळ्या पेशंटांसमोर ओरडायचे. त्यांनी सोनोग्राफीला पाठवलं, रक्त तपासायला पाठवलं. आणि रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडे गेला मयूर, माझा मुलगा. मी म्हटलं मी पण येते, तर म्हणाला, "तू कशाला उन्हात, मी येतो ना जाऊन."

आला तो बूट न काढताच आत आला. तोंडभर हसू. "आई, टेन्शन नको घेऊस. काही नाहीये. पित्ताच्या नळीत खडा अडकलाय. दुर्बिणीतून काढतात. दोन दिवसांत घरी."

हे वाक्य मला पाठ होतं. हेच्या हेच, शब्द इकडचा तिकडे नाही. चार वर्षांपूर्वी डॉक्टर केंकऱ्यांनी ह्यांना हेच सांगितलं होतं. ह्यांना म्हणजे आमच्या मालकांना. नाव मी घेत नाही, तोंडाला वळण नाही. लोक दत्ताराम म्हणायचे. त्यांचेही डोळे असेच पिवळे झाले होते, अशीच खाज सुटली होती. आणि नळीत खडाबिडा काही नव्हता. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता.

ते वाक्य माझ्यासमोर तयार झालेलं, म्हणून तर एवढं लक्षात. ह्यांना बाहेर बसवून डॉक्टरांनी मला आणि मयूरला आत घेतलं होतं. म्हणाले, पसरलाय, ऑपरेशन होण्यासारखं नाही, काविळीसाठी एक नळी टाकतील, तेवढाच आराम. मी तिथेच डॉक्टरांचे हात धरले. "ह्यांना सांगू नका. हाय खातील. तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ." डॉक्टर म्हणाले, "बरं. मग पित्ताच्या नळीत खडा अडकलाय म्हणून सांगतो." ह्यांना आत बोलावलं, सांगितलं. हे म्हणाले, "खडा? बरं बरं." संपलं.

मग मी जे नाटक उभं केलं ना, कामगार रंगभूमीवाल्यांनी यावं आणि शिकावं. खोलीत कोणी रडायचं नाही. रडायचं तर गॅलरीच्या टोकाला जायचं. त्यांना कोणी उलट बोलायचं नाही. मागतील ते द्यायचं. भेटायला येणाऱ्याने दारातच हसायचं, मग आत पाऊल टाकायचं. एकदा हे म्हणाले, "रिपोर्ट बघू जरा." माझी पाचावर धारण बसली. पण बाई मी पण गिरणगावातली. वरच्या मजल्यावरच्या स्वप्नीलला कावीळ झाली होती, त्याचा रिपोर्ट मागून आणला, नावावर कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स मारली आणि दिली त्यांच्या हातात. त्यांनी बराच वेळ बघितला. मग घडी घालून परत दिला. म्हणाले, "चांगला आहे की."

गेले तेव्हा तेराव्याला आख्खी चाळ माझं कौतुक करत होती. मालनताईंनी शेवटपर्यंत हसतं ठेवलं माणसाला, त्यांना जरा म्हणून कळू दिलं नाही. केंकरे डॉक्टरांचंही कौतुक. काय सफाईने बोलले म्हणे, डोळ्यांची पापणी हलली नाही. मीच सगळ्यांना रंगवून सांगायचे. मला अभिमान होता त्याचा, अजूनही होता.

आणि आता तेच नाटक माझ्या घरात लागलं होतं आणि मी खुर्चीवर बसून बघत होते. नट सगळे मीच तालीम देऊन तयार केलेले. मी स्वयंपाकघरात गेले की मयूर नि प्रितीचं बोलणं बंद. मी काही मागितलं की लगेच हजर. एरवी माझ्या औषधाची वेळ विसरणारा मुलगा दिवसातून चारदा फोन करायचा, "आई, काय करतेस? आराम कर." हो, करते आराम. पुढे आरामच आहे.

मग आल्या वन्सं. वन्सं म्हणजे ह्यांची बहीण, कौसल्या, घोडपदेवला राहतात. ही बाई गणपतीशिवाय आमच्याकडे पाऊल टाकत नाही, नाहीतर मयताला. त्या आल्या डबा घेऊन, त्यात घावणे नि नारळाचा रस. दारातच हसल्या. मी मनात म्हटलं, शाबास, धडा विसरला नाहीत.

"काय गो वयनी, कशी आसस? बरी दिसतस हां."

"पिवळी दिसते मी वन्सं. झेंडूसारखी."

त्यांनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पटकन तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. "डोळ्यात कायतरी गेला मेला," म्हणाल्या. डोळ्यात काय गेलं ते मला विचारा. चार वर्षांपूर्वी मीच त्यांना गॅलरीच्या टोकाला हाकलत होते.

वाटायचं, ओरडून विचारावं सगळ्यांना. पण विचारून काय होणार होतं? मी विचारलं असतं तर ते काय बोलले असते, ते मलाच ठाऊक होतं. मीच लिहून दिलेलं होतं ते. तरी एक दिवस मयूरला पकडलं. प्रिती अजून कामावरून यायची होती.

"खरं सांग. काय निघालंय?"

"आई, खडा. किती वेळा सांगू?"

"माझी शपथ घे."

"तुझी शपथ, खडाच आहे."

"बाबांसमोर पण माझीच शपथ घेतली होतीस."

पोराचं तोंड एवढंसं झालं. मग उठला, कपाटातून फाईल काढून माझ्यापुढे टाकली. "हे घे. रिपोर्ट. कोणालाही दाखव. वाच."

मी फाईलला हात लावला नाही. "स्वप्नीलचा आहे का हा?" म्हटलं.

मग मात्र तो भडकला. बाप गेल्यापासून पहिल्यांदा माझ्यावर असा ओरडला असेल. "मग मी काय करू? सांग ना! काय केलं म्हणजे विश्वास बसेल तुझा?" आणि लगेच जीभ चावली, खाली बसला, माझे गुडघे धरले. "सॉरी आई. तू ओरड मला. तू शांत राहा फक्त." हे शेवटचं बोलला नसता तर मी कदाचित विश्वास ठेवलाही असता. शांत राहा म्हणे. मरणाऱ्या माणसालाच शांत राहा म्हणतात आमच्याकडे.

परळच्या मोठ्या हॉस्पिटलात दुर्बिणीवाल्या डॉक्टरला दाखवायला नेलं. पोरगेलासा डॉक्टर, दिसायला बरा. मला टेबलावर झोपवून पोट दाबलं, जीभ बघितली, आणि विचारलं काय? "मावशी, तुमच्याबरोबर कोण आहे?" मी म्हटलं, "मीच आहे माझ्याबरोबर." तो हसला. "तसं नाही हो. नातेवाईक?" मयूरला बोलावलं. दोघं माझ्या डोक्यावरून इंग्रजीत बोलत राहिले आणि मी खाली झोपून एकदा ह्याच्या तोंडाकडे बघते, एकदा त्याच्या. माझंच पोट, माझीच नळी, आणि मला सोडून सगळ्यांना सांगतायत. नंतर नर्सने मला बाहेर बसवलं नि दार लावून घेतलं. तिथे शेजारच्या बाईने विचारलं, "काय झालंय तुम्हाला?" मी म्हटलं, "आत विचारा."

ऍडमिट व्हायची तारीख ठरली तशी मी सांगून टाकलं, मी येत नाही. खडाच आहे ना? मग राहू दे. पोटात एवढं काय काय घेऊन जगले, एक खडा पण सांभाळीन. प्रिती रडकुंडीला आली, मयूर हाता-पाया पडला. पण मी ठरवलं होतं. ह्यांना बघितलं होतं ना मी. नाकात नळी, हाताला सलाईन, आणि हसतायत बिचारे, "खडा निघाला की गावाला जाऊन येऊ." कशासाठी सोसतोय तेच त्या माणसाला माहीत नव्हतं. मला तसं नको होतं. मरायचं असेल तर मरीन, मला कोणाची भीती आहे? पण मला कळायला हवं. मला एकदा कोणीतरी तोंडावर सांगायला हवं, मालन, तुला हे झालंय. मग मी बघते हॉस्पिटलात जायचं की माहेरी देवगडला भावाकडे जाऊन पडायचं. माझं मरण नि सगळ्या चाळीला ठाऊक, फक्त मला नाही? हट्!

मग ताप भरला. हुडहुडी अशी की पलंग वाजायला लागला. प्रितीने दोन गोधड्या घातल्या. ताप उतरला, परत चढला. मयूर म्हणाला, आता उचलून नेतो. मी म्हटलं, उचलून बघ, जिन्यात बोंब मारीन, सगळी चाळ गोळा करीन. तो डोक्याला हात लावून बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो डॉक्टरांशी बोलायला फोन घेऊन गॅलरीत गेला आणि प्रिती आंघोळीला. मी साडी नीट केली, चपला घातल्या, मागच्या जिन्याने उतरले. कठडा धरून, एकेक पायरी. पण दवाखाना आमच्या गल्लीच्या तोंडाशीच, आणि मला जायचं होतं एकटीला. एकदा एकटीने त्या माणसाच्या डोळ्यात बघायचं होतं.

दवाखान्यात पेशंट कोणी नव्हतं. डॉक्टर पंख्याखाली पेपर वाचत होते. आता थकलेत, सत्तरीच्या पुढे गेले, हात थोडा कापतो. मला बघून उभेच राहिले.

"अगं मालन! आताच मयूरचा फोन ठेवला. एवढ्या तापात चालत आलीस?"

"ओरडा," मी म्हटलं. "तुम्ही ओरडत का नाही मला? लोणचं खाल्लंस का विचारत नाही, काही नाही. मागच्या वेळी बीपी दाखवायला आले तेव्हा पाठीवरून हात फिरवलात. तेव्हाच मला कळलं."

"काय कळलं?"

"मला काय झालंय ते तुम्ही सांगा."

"बस आधी." त्यांनी माझी नाडी धरली, कपाळाला हात लावला. "पित्ताच्या नळीत खडा अडकलाय. त्याच्यावर आता इन्फेक्शन झालंय, म्हणून हा ताप. आज नाही काढला तर रक्तात पसरेल. मग मात्र मी काही करू शकणार नाही."

"ह्यांना हेच सांगितलं होतंत. याच खुर्चीवर."

डॉक्टरांनी माझी नाडी सोडली.

"हेच शब्द. मी तुमच्या शेजारी उभी होते. तुमची पापणी हलली नव्हती डॉक्टर, आणि आता पण हलली नाही. मग मी कसं ओळखू? तेव्हाचं खोटं असंच दिसत होतं. तुम्ही आता देवाची शपथ घेतलीत तरी मला वाटणार मयूरने पाय धरले असतील. रिपोर्ट दाखवलात तरी वाटणार दुसऱ्याचा आहे. सून गोड बोलते, नणंद डबे आणते. सगळं तसंच चाललंय डॉक्टर, जसं मी केलं होतं तसंच."

"सुनेला मी सांगितलंय भांडू नकोस म्हणून," डॉक्टर म्हणाले. "बीपी बघितलंस तुझं? साखर? एवढ्या बीपीला भूल कोण देणार तुला? मी मयूरला म्हटलं, आईला शांत ठेवा. एवढंच."

मी हसले. खरं असेलही. पण माझ्या मनात शिरेना ते. बाहेरच्या बाहेर गळून गेलं. मी उठायला लागले. "जाते मी. तुम्ही पण नाहीच सांगणार."

"खाली बस!"

हे मात्र जुने केंकरे. मी बसले.

डॉक्टर उठून दार लोटून आले. परत खुर्चीत बसले आणि टेबलावरचा पेपर उगाच घडी करत राहिले. "जे सांगू नये ते सांगतोय तुला," म्हणाले. "पेशंट गेला तरी त्याला दिलेला शब्द राहतो. पण तू अशी उठून गेलीस तर दोन दिवसांत मरशील. दत्तारामला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"सगळं. तुमच्यासमोर मी खोटं बोललो, ते कबूल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. एकटा. म्हणाला, काल मालन होती म्हणून विचारलं नाही, आता सांगा. मालन, एकटा येऊन जो मला विचारतो ना, त्याला मी खोटं सांगत नाही. घरच्यांनी कितीही शपथा घातल्या तरी. त्याला सांगितलं. किती दिवस, तेही सांगितलं."

"खोटं बोलताय," म्हटलं. "माझा विश्वास बसावा म्हणून."

"तू त्याला एक रिपोर्ट दिला होतास. झेरॉक्स."

"ते मीच सगळ्यांना सांगितलंय, तुम्हाला पण."

"नाव झाकलंस. वय झाकलं नाहीस. वयाच्या जागी एकोणीस होतं. इथे बसून पोट धरून हसला तो. म्हणाला, डॉक्टर, मालनला सांगा, पुढच्या वेळी निदान मिशा फुटलेला माणूस शोध."

हे असलं डॉक्टरांना बोलता येत नाही. हे ह्यांचंच बोलणं. मिशा फुटलेला. मला ह्यांचा आवाज आला त्यात. आणि वयाचं मी चार वर्षांत कोणाला बोलले नव्हते, कारण मला स्वतःलाच ते आता कळत होतं. मी टेबलाची कड धरली.

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"मी विचारलं. म्हणाला, ती दिवसभर माझ्यासाठी हसतेय, धावतेय. मला कळलंय हे तिला कळलं तर ती खाली बसेल, मग उठणार नाही. करू दे तिला तिचं नाटक. मी करतो माझं."

म्हणून मला एकटीला बसने दादरला भाजीला पाठवायचे. जन्मात कधी एकटी गेले नव्हते मी, हे बरोबर असायचेच. म्हणायचे, "मला बरं वाटेस्तोवर जा की, सवय झाली तर काय बिघडतं?" मी परत आले की विचारायचे, कुठली बस घेतलीस, कुठे उतरलीस, कंडक्टरने सुट्ट्यांवरून कटकट केली का. मयूरला गॅसची नळी बदलायला शिकवली. आणि मी बाहेर जाऊन सांगायचे, बघा, माणसाला किती उमेद आहे.

"माझ्यावर विश्वास बसला का आता?" डॉक्टरांनी विचारलं. "खडाच आहे, मालन. खरंच."

बसला होता. तेवढं मला मिळालं होतं, ज्याच्यासाठी तापात चालत आले ते. मला कॅन्सर नव्हता. मी मान हलवली. डॉक्टरांनी लगेच मयूरला फोन लावला. "आई इथे आहे माझ्याकडे. टॅक्सी घेऊन ये, आत्ताच ऍडमिट करायचंय." फोन ठेवून ते चिठ्ठी लिहायला लागले. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं की खोली एवढीशी, पलंग एक, आणि त्या पलंगावर हा माणूस माझ्या शेजारी सगळं जाणून झोपत होता. मी एकदासुद्धा त्याला विचारलं नाही, अहो, भीती वाटते का. विचारलं असतं तर त्यांना कळलं असतं ना!

"भीती वाटायची का त्यांना?" मी डॉक्टरांना विचारलं.

त्यांनी लिहायचं थांबवलं. "दर सोमवारी यायचा तो."

"इंजेक्शनला. ताकदीच्या. मीच आणायचे."

"इंजेक्शन नव्हतं काही. रडायला यायचा. घरी जागा नव्हती त्याला रडायला."

"दंडाला कापूस असायचा."

"कापूस मी लावायचो."

दर सोमवारी मी बाहेर बाकावर बसायचे. मधे ही प्लायवूडची भिंत, वर पंखा फिरायला उघडी. बाकावर लालबागच्या बायका असायच्या, आम्ही मसाल्याच्या गोष्टी करायचो, यंदा मिरची बेडगी आणली की संकेश्वरी. मी मोठमोठ्याने हसायचे. मुद्दाम. आत त्यांना ऐकू जावं, मालन मजेत आहे असं वाटावं म्हणून.

"मला कसं ऐकू आलं नाही?"

डॉक्टरांनी कोपऱ्यातल्या बेसिनकडे मान केली. "नळ सोडून ठेवायचो."

कर्म माझं. आठवला मला तो नळ. मी बायकांना म्हणायचे, डॉक्टर हात किती वेळ धुतात बाई.

बाहेर टॅक्सीचं दार वाजलं. "डॉक्टर, आलो," मयूरचा आवाज. धापा टाकत होता. "आई ठीक आहे ना?"

"ठीक आहे. बस बाहेर. पाच मिनिटं," डॉक्टर म्हणाले.

बाक करकरला. मुलगा माझा भिंतीपलीकडे बसला. त्याने आता चेहरा नीट केला असेल, हसू लावलं असेल. मी दार उघडलं की लगेच म्हणणार, काही नाही आई, दोन दिवसांत घरी. आणि मी म्हणणार, हो रे, मला काय झालंय. माझे ओठ थांबेनात. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, उठले, बेसिनशी गेले आणि नळाला हात लावला.

"नळ सोडू नका," मी म्हटलं.

"अगं, मयूर बाहेर बसलाय."

"म्हणूनच सांगते. सोडू नका."

त्यांनी हात मागे घेतला. मी पदर तोंडाला लावला नाही. रडले. भोकाड पसरलं म्हणा ना, गॅलरीच्या टोकाला जाऊन रडायच्या लायकीचं नव्हतंच ते. "भीती वाटते मला," असं म्हणत होते मी, कोणाला ते माहीत नाही.

बाहेर बाक पुन्हा करकरला आणि दार उघडलं.